ओसरलेला पूर आणि राहिलेली ओल

पूर म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें चढतें पाणी येतें. नदीकांठीं राहणाऱ्या माणसाला त्या दिवसांत दुसरें कांहीं सुचत नाहीं. घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या, पुलापाशीं किती फूट झालें, वरच्या धरणांतून किती सोडलें, हाच जप. पुढें पाणी उतरूं लागलें कीं जो तो सुस्कारा टाकून म्हणतो, "सुटलों एकदांचे!" मदतीच्या मोटारी परत फिरतात, वर्तमानपत्रांना दुसरे विषय मिळतात, आणि पूर संपला असें जग ठरवून टाकतें. परंतु ज्यांच्या घरांत पाणी शिरून गेलें आहे, त्यांचा खरा प्रपंच तेथून पुढें सुरू होतो. नदी आपल्या पात्रांत परत जाते खरी. पण जातांना ती आपला थोडा अंश आपल्याकडे ठेव म्हणून ठेवून जाते. तो भिंतींत असतो, फरशीखालीं असतो, गादीच्या कापसांत आणि कपाटाच्या पाठीमागें असतो. या ठेवीचें नांव ओल. आणि तिच्यावर जें व्याज चढतें त्याचें नांव बुरशी.

हें व्याज कसें चढतें आणि कसें फेडावें, याविषयीं चार गोष्टी लिहाव्यात असें पुष्कळ दिवस मनांत होतें. कारण या बाबतींत आपल्या घराघरांतून जी रीति चालते ती मला नेमकी उलटी वाटते. जेथें घाई करावयाची तेथें आपण रेंगाळतों, आणि जेथें धीर धरावयाचा तेथें आपल्याला कोण घाई होते! पाणी ओसरल्यावरचे पहिले दोन दिवस आपण हळहळण्यांत, येणाऱ्याजाणाऱ्याला हकीकत सांगण्यांत आणि भिजलेली प्रत्येक वस्तु पुन्हा पुन्हा हातांत घेऊन पाहण्यांत घालवितों. पुढें सणवार तोंडावर आला म्हणजे मात्र भिंत वाळली कीं नाहीं याची वास्तपुस्त न करतां तिच्यावर रंगाचे हात मारून मोकळे होतों. पहिल्या आळसाची किंमत वस्तूंना द्यावी लागते. दुसऱ्या घाईची किंमत घरांतल्या कोणाच्या तरी छातीला द्यावी लागते.

आमचें घर सांगलीच्या गांवभागांतलें, जुन्या बांधणीचें. बाहेरच्या भिंती दीड फूट रुंदीच्या, विटांच्या. वर लांकडी माडी. सांगलीस कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशीं ४५ फूट धरतात. २००५ सालच्या पुरांत पाणी ५३ फुटांच्या वर गेलें होतें, आणि तेव्हां तें आमच्या ओसरीला टेकून परतलें. त्या खुणेवर घरांतल्या वडील मंडळींचा फार भरंवसा. "पांचच्या पुरांत आलें नाहीं, तें आतां काय येणार?" असें मामंजी म्हणत असत. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा ५७ फुटांच्याही वर चढली, आणि माजघरांत कमरेच्या वर पाणी आठवडाभर उभें राहिलें. आम्ही सारीं आधींच मिरजेस आप्तांकडे गेलों होतों. घरांतल्या माणसांत एक दम्याचा सात वर्षांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या. ऐंशीच्या घरांतले मामंजी. आणि मधुमेहानें गांजलेल्या सासूबाई. या तिघांचा उल्लेख मुद्दाम करतें, कारण घर राहण्याजोगें झालें कीं नाहीं याचा निकाल अशाच माणसांच्या प्रकृतीवरून लावावा लागतो. धडधाकट माणसाला ओल पुष्कळ दिवस कळतच नाहीं.

गल्ली मोकळी झाल्यावर दार उघडलें, तेव्हां गाळाच्या आधीं वास भेटला. कुजका, कुबट, नाकांत बसणारा. पाण्याची रेघ भिंतीवर स्पष्ट उमटली होती, आणि नवल असें कीं बुरशी रेघेच्या खालीं जवळजवळ नव्हती. ती रेघेच्या वर हातभर उंचीच्या पट्ट्यांत होती. कोठें राखाडी ठिपके, कोठें हिरवट लव, तर कपाटामागें काळीभोर नक्षी. याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. बुरशीला हवा लागते. पाण्याखालीं तिचें चालत नाहीं. पण वीट आणि गिलावा हे दिव्याच्या वातीप्रमाणें पाणी वर ओढतात, आणि त्या ओढलेल्या ओलींत, जेथें पाणीही आहे आणि हवाही आहे, तेथें तिला रान मोकळें सांपडतें. म्हणून पुराच्या रेघेपाशीं थांबून साफसफाई करणें व्यर्थ होय; ओल तिच्या बरीच वर गेलेली असते.

बुरशी पुराबरोबर बाहेरून येते असें कोणी समजूं नये. तिचे बीजकण बारा महिने आपल्या हवेंत हिंडत असतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतल्या दोनपासून दहा भागांएवढा त्यांचा आकार. ते डोळ्यांना दिसत नाहींत आणि खिडकी लावून अडत नाहींत. ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम हे आपल्या घरांतले नेहमींचेच पाहुणे. १९२८ सालीं लंडनमध्यें अलेक्झांडर फ्लेमिंगच्या कांचेच्या बशींत याच पेनिसिलियमची बुरशी उगवली आणि त्यांतून पेनिसिलिनचा शोध लागला, हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु तोच वंश भिंतीवर बसला म्हणजे औषध देत नाहीं. या बीजकणांना हवा असतो ओलावा, खाण्यास कांहीं सेंद्रिय पदार्थ, आणि बेताची ऊब. कागद, खळ, कापूस, कातडें, लांकडाचा भुसा, भिंतीवर बसलेली साधी धूळ, यांतलें कांहींही त्यांना चालतें. ऊब आपल्या देशांत सदाची. तेव्हां आपल्या हातीं राहतो तो एकटा ओलावा. तिन्हींची गांठ पडली कीं २४ ते ४८ तासांत बीजकण रुजूं लागतात. पहिले दोन दिवस लाखमोलाचे म्हणावयाचे ते यासाठीं.

त्या दोन दिवसांत सगळ्यांत आधीं ओल्या वस्तू घराबाहेर काढाव्यात. आमच्या गल्लींत यावर मोठा वाद झाला. पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावूं नये, असें पुष्कळांचें मत. नुकसान दिसलें नाहीं तर भरपाई कशी मिळणार? शंका रास्त होती. माझ्या धाकट्या दिरांनीं मोबाइलवर प्रत्येक खोलीचीं, पाण्याच्या रेघेसकट, छायाचित्रें घेतलीं, वस्तूंची यादी केली, आणि त्याच दुपारीं उपसा सुरू केला. वास्तविक एवढ्यानें दोन्ही गोष्टी साधतात. पुरावाही राहतो आणि घरही वांचतें.

गाद्यांचें दुःख सर्वांत मोठें. सासूबाईंच्या लग्नांतल्या गाद्या, त्यांचा कापूस दोनदां पिंजून घेतलेला. "उन्हांत घातल्या कीं होतील नीट," असा त्यांचा मिरजेहून फोनवर आग्रह. परंतु पुराचें पाणी म्हणजे गटारें, संडास आणि मेलेलीं जनावरें यांचा काढा असतो. भांडें, कांच, सागवानी चौकट, फरशी या वस्तू घासून धुतां येतात. घाण त्यांच्या अंगावर बसते, अंगांत फारशी शिरत नाहीं. कापूस, फोम, गालिचा, भुशाचे दाबलेले तक्ते यांच्या ती अंगांत शिरते, आणि तेथें कोणाचा हात पोंचत नाहीं. जी वस्तु दोन दिवसांत आंतपर्यंत धुवून वाळवितां येत नाहीं ती टाकावी, हा नियम कठोर खरा, पण त्यावांचून गत्यंतर नाहीं. हें सांगितलें तेव्हां सासूबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग "पितळेचे डबे तरी पाहा," एवढेंच म्हणाल्या.

धान्याच्या बाबतींत मोह याहून घातक. भिजलेलें धान्य वाळवून दळावें, निदान गुरांना घालावें, असें काटकसरी मनाला वाटतें. पण मका, भुईमूग यांसारख्या जिनसांवर वाढणारी ॲस्परजिलसची एक जात अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार करते, आणि घरच्या शिजविण्याभाजण्यानें तें नाहींसें होत नाहीं. १९७४ सालीं राजस्थान आणि गुजरात यांच्या सीमेवरील आदिवासी भागांत पावसानें भिजून बुरसलेला मका खाऊन शंभरांवर माणसें यकृताच्या विकारानें दगावलीं. अन्न टाकणें हें आपल्याकडे पाप. पण तें कोणाच्या पोटीं घालणें हें त्याहून मोठें पाप, असें त्या दिवशीं आम्हीं मनाशीं ठरविलें, आणि कोठी रिकामी केली.

पुस्तकांच्या बाबतींत मात्र टाकण्याची घाई करूं नये, असें मी आवर्जून सांगेन. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरांत आर्नो नदीला महापूर आला, आणि तिच्या कांठीं असलेल्या राष्ट्रीय ग्रंथालयांतले लाखों ग्रंथ चिखलांत बुडाले. ठिकठिकाणचे विद्यार्थी तेथें धांवून गेले. त्यांनीं रांगा करून हातोहात ग्रंथ बाहेर काढले, पानांमध्यें टीपकागद घातले, आणि तंबाखू वाळविण्याच्या भट्ट्यांतून पुष्कळसे ग्रंथ सुकवून घेतले. त्या तरुणांना चिखलांतले देवदूत असें नांव पडलें. पुढील कांहीं वर्षांत ग्रंथरक्षणाच्या शास्त्रांत आणखी एक सोपी युक्ति रूढ झाली: ओलें पुस्तक ताबडतोब गोठवावें. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाहीं, आणि आपल्याला सवडीनें वाळविण्यास वेळ मिळतो. मामंजींच्या वडिलांच्या हातची जमाखर्चाची एक वही आणि कांहीं जुनीं छापील पुस्तकें कपाटाच्या तळच्या खणांत भिजून एकमेकांस चिकटलीं होतीं. आम्हीं तीं ओढून न काढतां तशींच प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलीं आणि मिरजेच्या आप्तांच्या फ्रीजमध्यें बर्फाच्या खणांत ठेवलीं. दोन महिने त्या घरच्या मुलांना आइसक्रीम ठेवण्यास जागा नव्हती! दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेंत एकेक पुस्तक काढून, पानांआड टीपकागद घालून पंख्याखालीं वाळविलें. वहीचीं मधलीं पानें गेलीं. बाकीचीं वाचतां येतात.

घर रिकामें झालें म्हणजे धुण्याचा क्रम येतो, आणि या क्रमालाच फार महत्त्व आहे. गाळ ओला असतांनाच काढावा; वाळला कीं तो दगडासारखा बसतो आणि त्याची धूळ घरभर उडते. नंतर साबण, पाणी आणि काथ्याचा ब्रश. जंतुनाशक सर्वांत शेवटीं. पुष्कळ ठिकाणीं लोक चिखलावरच ब्लीचिंग पावडर पसरून समाधान मानतात. परंतु त्यांतला क्लोरिन गाळांतल्या घाणीशीं झगडण्यांतच खर्चून जातो आणि जंतूंपर्यंत पोंचत नाहीं. उघड्या पोत्यांत पडून राहिलेली पावडर तर आधींच निःसत्त्व झालेली असते. आणखी एक सूचना अगदीं कळकळीची आहे. ब्लीचिंग पावडर किंवा तसले द्रव आणि संडास धुण्याचें ॲसिड हीं एकत्र करूं नयेत. दोन औषधांनीं दुप्पट गुण येईल असा हिशेब करून कोणी तीं मिसळलीं, तर त्यांतून क्लोरिनचा विषारी वायु निघतो. आणि बंद न्हाणीघरांत तो माणसाला गुदमरवून टाकूं शकतो. अमोनिया असलेल्या द्रवाचीही अशीच गोष्ट.

चिखलांत उतरणाऱ्यानें पायांत गमबूट आणि हातांत रबरी मोजे घालावेत. उंदरांच्या मूत्रांतून पाण्यांत उतरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग पायाच्या लहानशा भेगेंतून शरीरांत शिरतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईनें त्याची सांथ अनुभवली आहे. पुराच्या पाण्यांतून चालल्यानंतर ताप आला तर तो अंगावर काढूं नये. डॉक्टरांना पाण्याची हकीकत आधीं सांगावी. आमच्याकडे धुणींभांडीं करणाऱ्या बाईंचें घर आमच्याहून खोलगट भागांत होतें. तेथें पाणी छपराला लागलें होतें. तरी त्या पहिल्याच दिवशीं आमच्या दारांत उभ्या राहिल्या, त्याही अनवाणी. जाऊबाईंनीं त्यांना बूट आणि मोजे दिले, आणि दोन दिवस आम्हींच त्यांच्या घरीं जाऊन गाळ काढूं लागलों. पूर सर्वांच्या घरीं सारखा येतो; पण सुकण्याची सोय सर्वांकडे सारखी नसते, हें आपण विसरूं नये.

आतां बुरशीविषयीं. भिंतीवर क्लोरिनचें पाणी मारलें कीं काळा डाग फिका पडतो, आणि काम झालें असें वाटतें. फरशीसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर तें खरेंही आहे. पण गिलाव्यांत आणि लांकडांत बुरशीचे तंतू खोल गेलेले असतात. रंग उडतो, मूळ राहतें. शिवाय मेलेली बुरशीसुद्धां दमेकऱ्याला जिवंत बुरशीइतकाच त्रास देऊं शकते, म्हणून ती मारून भागत नाहीं, काढूनच टाकावी लागते. धूप, ऊद, कडुलिंबाची धुरी यांनीं मनाला प्रसन्न वाटतें आणि डांसही पळतात. परंतु भिंतीच्या पोटांतल्या ओलीला धूर पोंचत नाहीं. उलट कुबट वास हा आपला पहारेकरी आहे. तो सुगंधानें झांकणें म्हणजे पहारेकऱ्याला झोंपविण्यासारखें होय.

आम्हीं रेघेच्या वर दोन फुटांपर्यंत सगळा गिलावा खरवडून विटा उघड्या केल्या. खरवडण्यापूर्वीं भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारीत होतों, म्हणजे बीजकण उडत नाहींत. नाकातोंडावर एन-९५ जातीचा मुखपट बांधला होता. साध्या रुमालानें इतके बारीक कण अडत नाहींत. मुलें, म्हातारीं माणसें, दमेकरी, मधुमेही यांना त्या वेळीं घरांत येऊं दिलें नाहीं. वीज जोडण्यापूर्वीं जाणत्या माणसाकडून सगळ्या तारा आणि बटणें तपासून घेतलीं. पंखे लावले ते खिडकींत, तोंड बाहेर करून, ओली हवा बाहेर फेंकतील असे. नुसत्या खिडक्या उघडल्यानें घर वाळतें ही समजूत पावसाळ्यांत खरी ठरत नाहीं. बाहेरचीच हवा पाण्यानें भरलेली असेल तर ती भिंतीचें पाणी काय शोषणार? घरांतल्या हवेची आर्द्रता शेंकडा ६० च्या खालीं राहील तर बुरशीचा जोर ओसरतो. म्हणून उघडीप पडली कीं दारेंखिडक्या उघडाव्यात, पाऊस लागला कीं लावून घ्याव्यात, आणि हवेंतलें पाणी ओढणारें डीह्युमिडिफायर यंत्र भाड्यानें मिळालें तर तें चालवावें.

इतकें होतां होतां ऑगस्ट संपत आला. २ सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती. आमच्या घरचा गणपति मामंजींच्या आजोबांपासून माजघरांतल्या एकाच कोनाड्यापुढें बसत आला आहे. त्या सुमारास एक रंगवाला दारीं आला. "वहिनी, पंधरा दिवसांत नवं घर करून देतो. गिलावा करू, वर वॉटरप्रूफ रंग मारू. पाण्याची आठवणसुद्धा राहणार नाही," असें तो म्हणाला. मोह पडण्यासारखीच गोष्ट होती. उघड्या विटांचें तें माजघर पाहून येणारेंजाणारें हळहळत होतें, आणि शेजारच्या एका घरीं तर काम सुरूही झालें होतें.

बांधकामांत एक ढोबळ आडाखा आहे: भिंत एक इंच वाळण्यास एक महिना लागतो. दीड फुटाची भिंत दोन्ही अंगांनीं उघडी ठेवली तरी आंतला गाभा कोरडा होण्यास आठ-नऊ महिने हवेत. अशा भिंतीवर पाणी न सोडणारा रंग चढविणें म्हणजे ओल्या माणसाला रबरी अंगरखा घालणें. पाणी आंत कोंडतें, रंगाचे फोड येतात, लोणा फुलतो, आणि कपाटामागच्या अंधारांत बुरशी निर्धास्त वाढते. यहुदी लोकांच्या प्राचीन धर्मग्रंथांत घराच्या भिंतीवर हिरवे-तांबूस डाग पडले तर काय करावें याचा सविस्तर विधि आहे. घर सात दिवस बंद ठेवून पुन्हा पाहावें. डाग पसरले असले तर ते दगड काढून, भिंती खरवडून सारी माती गांवाबाहेर टाकावी. आणि तरीही डाग परतले तर घर पाडावें. हजारों वर्षांपूर्वींच्या त्या पुरोहितांनीं सात दिवस वाट पाहा म्हटलें, भिंत खरवडा म्हटलें, घर पाडा म्हटलें. पण वरून रंग द्या असें कोठेंही म्हटलें नाहीं!

ओल ओळखण्याची एक घरगुती कसोटी आहे. हातभर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनीं चिकटपट्टीनें भिंतीवर बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. आंतल्या बाजूस थेंब जमले तर भिंत अजून पाणी सोडते आहे. मामंजी घर पाहावयास आले तेव्हां दिरांनीं त्यांना तसा तुकडा दाखविला. त्याच्या आंत मोत्यांसारखे थेंब लटकत होते. मामंजींनीं चष्मा पुसून ते पाहिले, बोटानें तुकड्यावर टिचकी मारली, तसे ते थेंब ओघळून खालीं आले. मग त्यांनीं पुतण्याची चौकशी केली. मिरजेच्या कोरड्या खोलींत त्याला दोन आठवड्यांत एकदांही फवारा घ्यावा लागला नव्हता. थोडा वेळ ते कोनाड्याकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "गणपतीला माडी चालेल. मुलाला ओल चालणार नाही." जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं ओल आणि बुरशी यांवर जी मार्गदर्शिका काढली, तिचें तात्पर्य हेंच आहे कीं ओलसर घरांत राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे विकार अधिक होतात, आणि उपाय करावयाचा तो ओलीवर. मामंजींनीं ती वाचली नव्हती.

त्या वर्षीं गणपति माडीवर बसला, आरतीला सारीं जिना चढून गेलीं, आणि विसर्जनानंतर मुलगा पुन्हा मिरजेस गेला. खालचीं माणसें माडीवर दाटीवाटीनें राहिलीं. शेजारच्या घराला दिवाळींत फोड आले. संक्रांतीपर्यंत तो सगळा गिलावा त्यांना पुन्हा पाडावा लागला. आमच्या भिंतीवरचा प्लास्टिकचा तुकडा फेब्रुवारींत प्रथम कोरडा निघाला. गाभ्यांत थोडी ओल तेव्हांही असणार, म्हणून आम्हीं सिमेंट टाळून चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेती दिली. चुना भिंतीला श्वास घेऊं देतो, आणि तो इतका तीव्र क्षार आहे कीं ताज्या सफेतीवर बुरशीला सहसा थारा मिळत नाहीं. आपल्या वाडवडिलांनीं दरसाल घराला सफेती देण्याची चाल पाडली, ती केवळ शोभेसाठीं नव्हती.

पुढें २०२१ च्या जुलैंत २२ तारखेस चिपळूण बुडालें, आणि त्याच आठवड्यांत सांगलीसही पाणी ५४ फुटांच्या वर आलें. माजघरांत घोटाभर पाणी शिरलें. पण या खेपेस खालच्या मजल्यावर गादी नव्हती, भुशाच्या तक्त्याचें कपाट नव्हतें, पुस्तकें माडीवर होतीं आणि भिंती चुन्याच्या होत्या. गाळ त्याच दिवशीं निघाला, आणि दिवाळीच्या आंत खोल्या पुन्हा वापरांत आल्या. त्या वर्षीं मात्र एका शब्दानें पुष्कळांना घाबरविलें. करोनानंतर मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेल्या रोग्यांना झालेल्या म्युकरमायकोसिसला लोक 'काळी बुरशी' म्हणत, आणि भिंतीवरचा काळा डाग पाहून तीच आली असें समजत. भिंतीवर काळ्या दिसणाऱ्या सामान्य बुरशा निराळ्या. त्या आजारांतला काळेपणा रोग्याच्या मेलेल्या पेशींचा असतो. म्हणून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पण ज्यांची प्रतिकारशक्ति क्षीण झाली आहे अशांनीं बुरसलेल्या घराची सफाई स्वतः करूं नये, हा सावधपणा दोन्ही बाबतींत सारखाच खरा.

ही अडचण केवळ नदीकांठच्या जुन्या वाड्यांची आहे असें शहरांतल्या वाचकांनीं समजूं नये. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेंत गच्ची गळते, न्हाणीघराचा नळ भिंतींत पाझरतो, आणि प्लायवुडच्या फडताळामागें तेंच व्याज चढूं लागतें. किंबहुना नव्या घरांत बुरशीला खाद्य अधिक. सागवान आणि चुना यांच्यापेक्षां भुशाचे तक्ते, कागदी आवरणाचीं छतें आणि फोमच्या बैठकी तिला अधिक रुचतात. तेथेंही नियम तेच. पाण्याची वाट आधीं बंद करावी, ओलें तें दोन दिवसांत बाहेर काढावें, धुण्याजोगें धुवावें, न धुतां येणारें टाकावें, आणि भिंत कोरडी होईपर्यंत तिला उघडी राहूं द्यावी. उघड्या विटांची लाज वाटण्याचें कांहींच कारण नाहीं. आजारी माणसाच्या जखमेवर आपण पट्टी बांधतों ती ती धुवून झाल्यावर.

घरांतल्या कर्त्या पुरुषांना आणि गृहिणींना माझें सांगणें इतकेंच आहे. पूर ओसरल्याचा दिवस नदी ठरविते. घर वाळल्याचा दिवस आपण ठरवावयाचा असतो. तो ठरवितांना पंचांग पाहूं नये, शेजारी पाहूं नये. भिंतीवर हात ठेवून पाहावें, आणि घरांतल्या सर्वांत नाजूक श्वासाला विचारावें.